ताशी पावणेतेरा

ग्रिम्सबीच्या लिलावात सकाळी सातला हॅडकचा एक भाव,
आठला दुसरा.
अकरा वाजता मासा तोच, डोळा तोच,
फक्त बोली लावायला कुणी उभं नसतं.
बापाने मला व्याज शिकवलं ते असं,
बर्फाच्या पेटीवर बसवून,
स्वतः रबरी बुटांत, हातात सुरी.

विद्यापीठ नदीपलीकडचं.
नोकरी मेळाव्याला आले
एक सुपरमार्केट, दोन विमा कंपन्या
आणि लष्करातला एक सार्जंट, चॉकलेटं वाटत.
लंडनच्या बँका आल्या नाहीत.
त्या येत नाहीत, आणि कुणी विचारतही नाही का.
त्यांच्या अर्जात विद्यापीठांची यादी असते.
मी खाली खाली सरकत गेले,
तळाशी एकच शब्द राहिला: इतर.
त्यावर टिचकी मारली
आणि आईला सांगितलं, अर्ज भरला.

मग एक्सेल.
दोनशे सदतीस नावं.
पत्ते अंदाजाने जुळवलेले:
नाव, टिंब, आडनाव, मागे बँकेचं शेपूट.
एकशे नव्वद गप्प.
एकतीस आल्या पावली परत, असा माणूस इथे नाही.
चौदा शुभेच्छा.
एकाने लिहिलं, हंगाम संपला,
जशी काही मी कॉड.
आणि एक ह्यूगो प्रेंडरगास्ट:
"माझी सासू क्लीथॉर्प्सची.
गुरुवारी वीस मिनिटं देतो,
नाहीतर रविवारी जेवताना ऐकून घ्यावं लागेल."

वीसातली अकरा मिनिटं तो जिना चढत होता,
धाप ऐकू येत होती.
म्हणाला, सीव्हीतून 'मेहनती' काढून टाक.
इथे आळशी माणूस मला अजून भेटलेला नाही,
तरी दरवर्षी निम्म्यांना निरोपाचा केक कापतो आम्ही.
मी काढलं.
तिथे एक ओळ रिकामी राहिली,
तिच्यात काय लिहावं हे कळेना
म्हणून लिहिलं, फिश फिंगर, रात्रपाळी, तीन उन्हाळे.

एकतिसावा मजला. काच.
बाकीचे चौघे एकमेकांना ओळखत होते,
एकाच्या बापाने दुसऱ्याच्या बापाला नमस्कार सांगितला होता.
माझे बूट मावशीचे, अर्धा नंबर मोठे,
टाचेत टिश्यू कोंबलेला.
लिओनी ॲकरॉइड नावाच्या बाईंनी विचारलं,
घसारा दहाने वाढला, तर?
हे पाठ होतं.
नफा साडेसातने उतरतो,
रोकड अडीचने चढते.
एवढंही म्हणताना आवाजात ग्रिम्सबी आलं,
त्यांनी मान वर केली.
"तिथे काय असतं?"
मासे.
"तिथल्या समुद्रातले?"
नाही, आइसलंडचे. कंटेनरमधून येतात.
"मग तुमचं त्यात काय?"
भाव, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.
उलट्या बाजूने मला एवढंच वाचता आलं
की शब्द छोटा होता.

फोन आला तेव्हा मी कारखान्यात, डोक्याला जाळी.
पगार साठ हजार.
घरी आई रडली, मग पाहुण्यांचे कप काढले,
जरी घरात पाहुणा कुणी नव्हता.
बापाने विचारलं, काम किती तास?
म्हटलं, आठवड्याला नव्वद, असं म्हणतात.
त्याने पेटीचं झाकण ओढलं,
ओल्या पुठ्ठ्यावर भागाकार मांडला,
पेन्सिल दोनदा फाटक्या रेघेत अडकली.
"ताशी पावणेतेरा," म्हणाला, "वर थोडे पेन्स.
मला चौदा पडतात."
आणि पेन्सिल कानामागे खोचून
उरलेले हॅडक सोलायला बसला.

दुसऱ्या दिवशी लिलावात, आई सांगत होती,
त्याने सगळ्यांना आकडा सांगितला.
बोली बोलतात तसा, मोठ्याने, दोनदा.
वर्षाचाच सांगितला.
ताशी नाही.