कोण बघतंय का

वखारभागातल्या हॉलमध्ये तालीम संपली.
पंखा हळदीचाच वास फिरवत होता,
आणि कांचन मगदूम अकरा माणसांसमोर म्हणाली,
"रडतेस छान.
पण आधी बघून घेतेस, कोण बघतंय का."

मेकअपवाला हसला.
मी बॅग उचलली. छत्री तिथंच राहिली.

नऊ दिवस.
पाणीपट्टी भरायला नवऱ्याला पाठवलं,
कारण महापालिकेच्या त्या खिडकीत ती बसते.
भाजीला लांबच्या रस्त्यानं गेले.
आरशासमोर रडून पाहिलं
आणि स्वतःला पकडलं,
बघताना.
त्याचाच राग जास्त आला.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
ती बाहेर आली तेव्हा मी फाटकाशी उभी,
हातात भडंगाचा पुडा,
भांडायलाही रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून.

घाटावर बसलो. कृष्णेला पाणी बेताचं.
म्हटलं, "खरं होतं ते.
पण अकरा जणांत का?
एकटीला सांगितलं असतंस
तर त्याच रात्री पुन्हा करून दाखवलं असतं."

ती पुड्यातला लसूण वेचत राहिली.
मग म्हणाली,
"आई गेली त्या पुरात
मी शाळेतल्या छावणीत भाकऱ्या मोजत होते.
निरोप आला. मी मोजतच राहिले.
एकशे बारा. एकही चुकली नाही.
रडायचं कधी असतं ते मला अजून कळलेलं नाही,
आणि तू रोज साडेसातला, दिवा पडला की..."
पुढचं तिनं चावून गिळलं.

"मग तो राग माझ्यावर का काढलास?"
"काढला. चुकलं.
पण वाक्य मागं घेणार नाही."
"नको घेऊस."

आयर्विनवरून कुणीतरी सायकल हातात धरून चालत गेलं.
मला अजून सलतच होतं थोडं,
दाढेत अडकलेल्या डाळ्यासारखं.

दोनला खिडकी उघडायची, ती उठली.
"छत्री माझ्याकडं आहे.
आणि बिल भरायला तूच येत जा,
तुझा नवरा सुट्टे आणत नाही."

मी मागून विचारलं,
"तुझ्या भाकऱ्या घेऊ का, त्या प्रवेशात?"
बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिली.
"घे. पण नीट मोज."

संध्याकाळी भाकऱ्या नव्हत्या,
टेबलावरच्या कपबशा मोजल्या.
एक, दोन, तीन, चार.
पाचवीला मान विंगेकडं वळणार होती.

थोडी वळलीच.