वाकणातलं पाणी

प्रेसच्या सोसायटीतून निघताना
वैजयंता म्हणाली, गाडीत काहीतरी मेलंय.
मी नाक वर करून हुंगलं. नेहमीसारखंच: काही नाही.
एकतीस वर्षं नोटांच्या शाईत उभा होतो.
शाईनं नेलं की जुन्या सर्दीनं, देव जाणे,
पण निवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडलेला हार
मला कागदाचा वाटला होता.

गाडी म्हणजे सतरा सीटची जुनी ट्रॅव्हलर,
सीटा काढून आत पलंग, शेगडी, बेसिन,
कपाटाएवढी न्हाणी.
फंडाचे पैसे त्यात घातले तेव्हा मेहुणा म्हणाला,
घर असताना माणूस चाकांवर कशाला झोपतो?
उत्तर अजून देतोय त्याला.

आधी मी उंदीर शोधला.
मग फिनेल ओतलं. मग उदबत्ती, मग कापूर,
मग आरशाला टांगायचं ते पुठ्ठ्याचं चंदनी झाड.
ती म्हणाली, आता देवळात काहीतरी मेलंय.

कसा वास, विचारलं.
"पेज आठवडाभर झाकून ठेवल्यासारखा,
वर अंड्याचं टरफल."
आणि कुठून?
ती ओणवी झाली. बेसिनपाशी थांबली,
न्हाणीच्या जाळीपाशी थांबली, आणि पदर नाकाला.
मी तिच्या चेहऱ्यावरून वास शोधत होतो,
बहिरा माणूस ओठांवरून बोलणं उचलतो तसा.

द्वारकेला रऊफभाई गाडीखाली शिरला,
नुसते पाय बाहेर. तिथूनच बोलला,
"काका, मेलं कुणी नाही. वॉचमन सुकलाय."
बाहेर आला तो हातात वाकडा पाइप,
घोड्याच्या नालेसारखा.
ह्या वाकणात चार बोटं पाणी उभं पाहिजे.
तेच दार. खालच्या टाकीची हवा तिथं अडते.
तुम्ही गाडी चार महिने उन्हात लावली, ते आटलं.
राहिलेलं वणीच्या घाटात हिंदकळून गेलं.

साठलेलं पाणी नासतं, हेच ऐकत आलो.
इथं साठलेलं पाणीच नासकं थोपवून धरतं.

टाकी धुवायची रीतही त्यानंच सांगितली:
दोन कळशा कढत पाणी, पाव किलो धुण्याचा सोडा,
लिंबाची सालं घाला हवी तर, वहिनींच्या समाधानाला,
आणि गाडी पळवा.
ब्रश पोचत नाही तिथं रस्ता पोचतो.

म्हणून एका मंगळवारी, कुठंही न जाण्यासाठी,
आपलंच खरकटं पाणी पोटात घेऊन
आम्ही त्र्यंबक रस्त्याला लागलो.
अंजनेरीपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर
मी मुद्दाम ब्रेक मारला.
खाली टाकीत डुबुक, डुबुक.
वैजयंता हसायला लागली ती थांबेचना.

परतताना पंपावरचा एकजण म्हणाला,
सोडा की नासर्डीत, तिला काय कळतंय.
तिला नसेल कळत.
नाकाचं म्हणाल तर मलाही नाही कळत.
सोसायटीच्या चेंबरचं झाकण उचललं, नळी सोडली,
आणि टाकी रिती होईस्तोवर तिथंच उकिडवा बसलो.

आता मुक्कामाला गाडी लावली की
बेसिनात एक तांब्या, न्हाणीत एक,
वर चमचाभर गोडंतेल, पाणी उडू नये म्हणून.
खोबरेल नको, म्हणते ती, थंडीत थिजतं.

परवा दिंडोरीच्या अलीकडं तिनं काच खाली केली.
"गंधक मारतायत द्राक्षांवर."
पुढं, "कांद्याची चाळ. एक ढीग सडलाय."
पुढं, "भाकरी. कुणाचीतरी करपतेय."
मी वेग कमी केला.
कितीतरी वर्षांत तिनं मला हे सांगितलं नव्हतं,
मला वाईट वाटेल म्हणून की काय.

चहाला थांबलो. आणि गाडीत, विचारलं, गाडीत कसला येतो?
ती मागे जाऊन ओणवी झाली,
जरा जास्तच वेळ.
"काही नाही," म्हणाली.

मी नाक वर करून हुंगलं.
मलाही तेच.