भार

तीन याद्या होत्या माझ्याकडे.
घरच्या फोनची, मोबाइलची,
आणि बंदर-कचेरीतून आलेली मासेमारी परवान्यांची,
जिच्या कागदाला अजून कॉड माशाचा वास येतो
असं सेल्बी म्हणतो. सेल्बी काहीही म्हणतो.

प्रश्न साधा : या हिवाळ्यात किती लाकूड जाळलंत?

न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर
जानेवारीत कुणी दार उघडत नाही, फोन मात्र उचलतात.
ड्रुसिला नोजवर्दीने उचलला.
"स्लेजच्या चाळीस खेपा. एझ्रा असता तर पन्नास.
होडीत कधी नाही वाजली त्याला थंडी,
घरातच वाजायची."

पुढचा प्रश्न, नियमाप्रमाणे : घरात मोबाइल आहे?
बराच वेळ तारेवर नुसता वारा.
"त्याचा आहे. खिडकीत असतो. रोज रात्री चार्ज करते."
वापरता?
"नाही. वाजतो कधीमधी. वाजू देते."

आता हे कुठल्या रकान्यात लिहू?
एकाच यादीत सापडतो त्याचा भार पूर्ण,
दोन्हींत सापडू शकतो त्याचा अर्धा,
नाहीतर एकाच चुलीचा धूर
आपण दोन धुराड्यांतून मोजून बसू.

तिसरी यादी उघडली.
नोजवर्दी, एझ्रा. होडी बावीस फुटी. परवाना चालू.
यादीला मरण उशिरा कळतं.

म्हणजे तिच्या घरी जायला वाटा तीन,
आणि त्यातल्या दोन वाटांवर तो उभा.

पण जो फोन कुणी उचलतच नाही
तो यादीत असून नसल्यासारखा.
तसं धरलं तर ड्रुसिला एकटी, भार पूर्ण,
तिच्यासारख्या दोनशे बारा घरांच्या वतीने बोलणारी.
"लिही की मग पूर्ण," सेल्बी म्हणाला, "सूप निवतंय."
लिहिलं. पेन्सिलीने.

गुरुवारी मोबाइलची पाळी.
यंत्र आकडे आपले आपण उचलतं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे,
त्याला ओळखदेख नसते.
माझ्या पडद्यावर गावाचं नाव आलं, मग आडनाव.
रिंग सात वेळा वाजवून सोडायची असा दंडक.
मी मोजत होतो. पाच. सहा.
खिडकीतली काच थरथरत असेल.
सातव्याला कुणीतरी उचलला.

"एझ्रा घरात नाही," ती म्हणाली,
"लाकडं आणायला गेलाय."

गप्प बसायला हवं होतं मी,
पण प्रश्नावली समोर होती, म्हणून विचारलं :
या हिवाळ्यात किती?

"पन्नास खेपा," ती म्हणाली.