बाकी आठ रुपये

सध्या गर्दी कुणबी नोंदींची.
साडेनवालाच भवानी मंडपाकडून लोक चालत येतात,
पिशवीत आजोबाचा फोटो, पणजोबाचं नाव तोंडपाठ,
आणि मी मोडीच्या रानात त्यांच्यासाठी
एकच शब्द धुंडाळत बसतो.
सापडला की पेढे येतात.

मंगळवारी शांताराम कुरणे आले.
एसटीचे कंडक्टर, गारगोटी डेपो, रिटायर.
म्हणाले, दाखला नगो, दाखला आमच्याकडं पयल्यापासनं हाय.
फकस्त एक नाव बगा.
मसू. बापाचं नाव येसू.

तीन दिवस गेले.
चौथ्या दिवशी वेठीच्या रुमालात,
कसरीनं चाळण केलेल्या कागदावर:
पन्हाळ्यास साहेबांचे सामान. महार असामी नऊ.
रात्रीची चाल. मसू बिन येसू, पाय मोडला.
बदली त्याचा लेक घेतला. मजुरी नाही.

‘नाही’च्या शेवटी लिहिणाऱ्यानं शेपूट ओढलंय,
उजवीकडं, डौलदार.
ते वळण मी ओळखतो.
आमच्या घरच्या जुन्या पत्रांत तेच आहे.

चहाला विषय निघाला.
मुंबईत म्हणे ठराव येणार,
वेठीबद्दल, वेगळ्या पाणवठ्यांबद्दल
सरकारनं लेखी माफी मागावी असा.
सरनाईक म्हणाले, पावती कुणाच्या नावानं फाडायची?
करणारे गेले, भोगणारे गेले, संस्थानही गेलं.
उद्या दुष्काळाची माफी मागायला सांगाल.
त्यापेक्षा वसतिगृहाचं छत गळतंय, ते बघा.
छत गळतंय हे खरं होतं,
त्यामुळे पुढं कुणी बोललं नाही.

मला मागच्या कपाटातली यादी आठवत होती,
विलीनीकरणाच्या वेळची.
चांदीच्या चवऱ्या चौदा.
हत्तीची झूल, जर उसवलेली, एक.
खोगिरं, हंडे, माळावरच्या बाभळीसुद्धा मोजून.
नव्या सरकारनं सही करून सगळं घेतलं.
बाभळी घेतल्या,
बाभळीखाली ओझ्याची वाट बघत बसवलेली माणसं
कुठल्या रकान्यात गेली?
जमीन घेणाऱ्याच्या सातबाऱ्यावर जुना बोजा चढतोच,
हे कुठलाही तलाठी सांगेल.
मी सरनाईकांना सांगितलं नाही.
कप विसळून ठेवला.

कुरणेंनी कागद दोनदा वाचायला लावला.
‘त्याचा लेक’ इथं बोट ठेवलं.
ह्यो माझा आज्जा. वय लिवलंय काय?
नाही, म्हटलं.
बरं, म्हणाले. बोट तिथंच.

मग धीर करून मीच विचारलं,
सरकारनं माफी मागितली तर?
ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
सायेब, तीस वर्सं तिकिटं फाडली.
सुट्टं नसलं की तिकिटाच्या पाठीवर लिवून द्यायचो,
उतरताना घ्या म्हणून.
लिवल्यानं पैसं मिळत न्हाईत.
पर लिवलं न्हाई, तर
माणूस खोटंच भांडतोय, असं सगळी गाडी म्हणती.
थोडं थांबून म्हणाले,
किती जण इसरून उतरून गेले.
रातच्याला डेपोत हिशेब करताना
पेटीत जास्तीचं निघायचं.

नकलेच्या अर्जात एक रकाना आहे: कशासाठी हवी?
जात, जमीन, कोर्ट. एकावर खूण करा.
त्यांनी तिन्ही खोडले,
पुढं काहीच लिहिलं नाही.

फी बेचाळीस. त्यांनी पन्नासची नोट दिली.
ड्रॉवरमध्ये सुट्टे नव्हते.
वाटलं, राहू द्या म्हणतील.
त्यांनी पावती उलटी केली आणि
माझ्यापुढं सरकवली.

मी लिहिलं, बाकी आठ रुपये.
खाली सही केली.
सहीचं शेपूट गेलं उजवीकडं, डौलदार,
हात आवरेपर्यंत
पावतीच्या काठापाशी.