ट्रॅक एकतीस, सेक्टर सात

लाखांदूरला, राइस मिलच्या मागच्या गाळ्यात माझं दुकान.
मोबाइलच्या काचा, प्रिंटरची शाई, सातबारा काढून मिळेल.
कोपऱ्यातलं जुनं यंत्र गिऱ्हाइकांसाठी नाही.
त्याची सव्वापाच इंची ड्राइव्ह
साकोलीच्या भंगारातून किलोच्या भावानं आणली,
ग्रीस वाळून मेण झालेलं.

फ्लॉपी आली बिड्यांच्या रिकाम्या पेटीतून.
पाकिटावर निळी शाई: शिंगाडा, १९९१, वाय. टेंभुर्णे.
आत तबकडीवर बुरशी,
ओल्या कोंड्यावर धरते तशी, पांढरी, मऊ.
कड कापली, तबकडी काढली,
स्पिरिट आणि बनियनची चिंधी,
मधून बाहेर पुसायचं, गोल गोल नाही.

चाळीस ट्रॅक, दोन बाजू, नऊ-नऊ सेक्टर.
सातशे वीस घरं.
सातशे एकोणीस उघडली.

एकतिसाव्यातल्या सातव्याशी हेड अडायचं,
कटर्र, मागं, पुन्हा कटर्र.
दोन महिने मी मिल बंद व्हायची वाट पाहून बसलो,
मिल चालू असली की टेबल थरथरतं.
शेवटी तिथं पाचशे बारा शून्यं भरली
आणि म्हटलं, चालेल.

काळा पडदा. मग एकच ओळ, आठ बाय आठ ठिपक्यांच्या अक्षरांत:
ही नक्कल आहे. लाज वाटू दे.

नदीपलीकडे वडस्याला यशोधरा टेंभुर्णे,
पतसंस्थेतून निवृत्त, चष्मा कपाळावर.
"खराब नाही झालं ते," म्हणाल्या, "मीच पिन टोचली."
पहिला शिंगाडा भंडाऱ्याला गेला
आणि वीस रुपयांत परत आला,
पडद्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव घेऊन.
मग दुसऱ्या वेळी बाईंनी जागा मोजली,
अकरा फ्लॉप्या वाया घालवून,
आणि साडीची पिन नेमकी तिथं.
खेळ सुरू होताना आधी तिथं बघतो.
अडखळला तर अस्सल.
सरळ वाचता आलं तर चोरी.

म्हणजे मी दोन महिने
सही खोडत होतो.

घरी येऊन शून्यं काढली.
नकलेच्या फाइलीत लिहिलं: इथं वाचताना चूक यावी.
चूक आली नाही तर ती चूक.

सुरू झाला. आणि संपला.
डोंगा दिसलाच नाही, की दाबेपर्यंत तळाशी.
बाईंनी वेळ रिकाम्या मोजणीनं मापला होता,
एक ते तीन हजार, तेव्हाच्या यंत्राच्या दमानं.
आताचं यंत्र तीन हजार मोजतं
तेवढ्यात पापणीही हलत नाही.
पावणेपाच मेगाहर्ट्झवर आणून बांधलं,
तेव्हा कुठं डोंगा वल्हं मारू लागला.

चारच रंग होते त्या कार्डाला.
काळा, पांढरा, तलावाला निळसर,
आणि तो भडक गुलाबी, ज्याचं काय करावं
कोणालाच कळत नसे.
बाईंनी तो शिंगाड्यांना दिला.

त्या दुकानात आल्या, खुर्ची ओढली,
दुसऱ्या पायरीवर बुडाल्या, हसल्या नाहीत.
पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाल्या,
"तळ्यातला ळ पाय, ल सारका दिसते.
आठ ठिपक्यांत बसतच नव्हता मेला.
मले आता येते. नीट करू दे."

मी म्हटलं, बाई, जपायचं म्हणजे जसं आहे तसं.
"माहा आहे नं तो?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं.
मिल सुरू झाली, टेबल थरथरलं,
डोंगा काठाला लागून तसाच हलत राहिला.

मंगळवारी पुन्हा आल्या.
पिशवीत चौकटीची वही, पेन्सिल,
नवी कोरी फ्लॉपी, कुठून मिळवली देव जाणे,
आणि पदराला
पिन.