मागे जायचं बटण

जुन्याची बॅटरी फुगली,
अगदी फुलक्यासारखी, एकाच बाजूने.
काच उचलली गेली तरी आठवडाभर
मी त्यावरच डब्यांचा हिशोब लिहीत होते.
शेवटी भाच्याने त्याचा वापरलेला आयपॅड पाठवला,
पाठीवर अजून त्याच्या कॉलेजचा स्टिकर.

जेल रोडवरच्या पोराने
दोन्ही पाट्या शेजारी-शेजारी ठेवल्या,
काहीतरी जुळवलं आणि स्वतः चहा प्यायला गेला.
मी राखण करत बसले.
सदतीस टक्क्यांवर बराच वेळ अडलं होतं.
मला उगाच वाटलं, गिऱ्हाइकांपैकी
कोणीतरी यायला तयार नसेल.

"आंटी, सब आ गया. देख लो."
पाहिलं. फोटो आले. नंबर आले.
रामबागेतले अकरा डबे, नारायण बागेतले सात,
गुरुवारी साबुदाणा कुणाला, मोरधन कुणाला,
सगळे ओळीने उभे,
नव्या शाळेत पहिल्या दिवशी राहतात तसे.

घरी आल्यावर कळलं
याला मागे जायचं बटणच नाही.
जुन्यात डाव्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण असे,
पीठ लागलेल्या अंगठ्यालाही सापडायचा.
चुकून कुठे शिरलं की दाबा, बाहेर.
इथे प्रत्येक खोलीतून बाहेर पडायची रीत वेगळी:
कुठे वर लिहिलेलं, कुठे कडेवरून बोट ओढायचं,
कुठे नुसतंच थांबायचं.
दोन दिवस माझा अंगठा
रिकाम्या काचेवर टकटक करत राहिला,
घर सोडून गेलेल्याच्या दारावर करावी तशी.

आणि एक गोष्ट त्या पोराला माहीतच नव्हती.
जुन्याला माझे शब्द पाठ होते.
मी "मु" लिहिलं की तो "मुळ्ये" म्हणायचा,
आणि मुळ्येच्या पुढे आपणहून "मीठ कमी".
सहा वर्षं, रोज सकाळी पावणेसातला.
मार्चमध्ये मुळ्येकाकांना मुलाने हैदराबादला नेलं.
ट्रक आला, कपाट गेलं, पंखे उतरवले,
जिन्यातला बल्बसुद्धा काढून नेला,
पण जुन्याला कुणी सांगितलं नाही.
मी मुगाची खिचडी लिहायला जायचे,
हा मधेच: मुळ्ये. मीठ कमी.
मी खोडायचे. दुसऱ्या दिवशी हा परत.

नवा "मु" वर म्हणतो मुबारक. म्हणतो मुंबई.
मुळ्ये लिहावं तर मुल्ये करतो.
ळ हवा असेल तर ल वर बोट दाबून धरायचं,
मग तो वर येतो,
माळ्यावरून कुणी डोकावावं तसा.
इथे बाजारातही तेच.
चाळीस वर्षं मी केळी मागते,
ठेलेवाला केले देतो.
तक्रार नाही. डझनाला बाराच असतात.

काकांचा फोन येतो अधूनमधून.
चौदावा मजला, लिफ्ट, वारा, सगळं छान म्हणतात.
"सून करते चांगलं. फक्त ते मीठ..."
मग जरा थांबून,
"पडेल सवय. तिला की मला, बघू."

त्यांचा एक डबा माझ्याकडेच राहिलाय,
मधली वाटी थोडी चेपलेली.
बर्तन बाजारातून ठोकून आणलेलं नाव,
ठिपक्याठिपक्यांचं: वि. मो. मुळ्ये.
ळ वर कारागिराचा हात दोनदा पडला असावा,
तिथे स्टील जरा खोल आहे.

आज सकाळी पावणेसातला, डबे अठराच,
नव्यावर मी "मु" लिहिलं
आणि काही काम नसताना
पुढचं सगळं एकेक अक्षर शोधून पुरं केलं.
त्याने खाली तांबडी रेघ ओढली.
असू दे.
उद्या पुन्हा लिहीन.