सतरावी फेरी

गोळीबार चौकात चाळीस वर्षं
सूत रंगवलं बाबांनी.
आता बोटांवरनं उतरतोय त्यांचाच रंग.

मेडिकलच्या तळमजल्यावर
निळ्या नळ्यांच्या कपाटात
सत्तर सेकंद उभे राहतात डोळे झाकून,
बाहेर मे महिना
फुकट जाळत असताना.

मी बी.एस्सी.चं सांगते:
मेलॅनिन टायरोसिनपासून होतं, बाबा,
उजेड गिळतं, ऊब करून सोडतं,
पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं.
‘टोपी?’
डोक्याचा दुपट्टा सोडवत ते हसतात.

सतराव्या फेरीनंतर मनगटावर
एकेका केसाच्या मुळाशी
तपकिरी ठिपका.
खिडकीपाशी नेऊन
बाबा हात उलटासुलटा करतात,
लच्छी पारखावी तसा.

‘पक्का आहे का वं?
म्या दोनदा धुऊन पाह्यला.’